बाळ वाढवायची पद्धत कुठल्या देशाची बरोबर? सात महिन्यांच्या बाळाच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई एका देशातली, बाबा दुसऱ्या देशातले, राहतात तिसऱ्याच देशात, बाळ सात महिन्यांचं. क्लिनिकमधली नर्स म्हणते बाळाला त्याच्या स्वतःच्या कॉटमध्ये झोपवा, एक आजी म्हणते एवढ्याशा जिवाला एकटं झोपवणं बघवत नाही, दुसरी आजी म्हणते रडलं की लगेच उचलता म्हणून लाडावलंय, मोबाईलमधलं ॲप म्हणतं बाळ अजून रांगत नाही, आणि ओळखीतलं कोणीतरी म्हणालं की घरात दोन भाषा आणि बाहेर तिसरी, मूल बोलायला उशीर करणार. आता मी ऐकू कोणाचं, असं आई विचारतेय.

मी बालविकासात काम करते आणि माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबं अशीच दोन-तीन संस्कृतींच्या मध्ये राहणारी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एवढं सांगते की या पाच जणांपैकी कोणीही वेड्यासारखं बोलत नाहीये, पण तुमचं घर बघूनही कोणी बोलत नाहीये. बाळ सांभाळायची कुठलीही पद्धत सुटी नसते, ती जिथे तयार झाली तिथलं अंथरूण, तिथली थंडी-ऊन, घरात किती माणसं, आई दिवसभर काय काम करते, या सगळ्यावर ती उभी असते. त्यातली एकच गोष्ट उचलून दुसरीकडे नेली की चांगली असूनही ती त्रास देते, आणि कधीकधी धोक्याचीही होते. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो असा, की ही पद्धत चालायला जे लागतं ते तुमच्याकडे आहे का.

रांगण्यापासून सुरू करते, कारण त्याचं टेन्शन सगळ्यात आधी सोडता येईल. डब्ल्यूएचओने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली निरोगी बाळं बघून २००६ मध्ये जे आकडे दिले त्यात हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ महिन्यांपासून १३.५ महिन्यांपर्यंत कधीही सुरू होतं, आधाराशिवाय चालणं ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत. आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, कोणी बसून सरकलं, कोणी थेट उभं राहिलं. म्हणजे सात महिन्यांच्या बाळाला ॲप "मागे" म्हणत असेल तर ते ॲप सरासरीलाच शेवटची तारीख समजतंय.

शिवाय हे आकडे घरातल्या सवयींनी पुढेमागे होतात. केनियातल्या कोक्वेट गावात चार्ल्स सुपर यांनी १९७० च्या दशकात किप्सिगिस लोकांची बाळं बघितली, तिथे बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात, रोज सराव करून घेतात, तर ती बाळं अमेरिकन बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसायची आणि चालायची. पण रांगायला कोणी तसं शिकवत नव्हतं, आणि रांगण्यात ती पुढे नव्हती! याच्या उलट पॅराग्वेच्या जंगलात राहणारे आचे लोक, त्यांची बाळं चालायला पावणेदोन-दोन वर्षं घ्यायची, कारण जंगलात खाली साप, किडे, काटे, त्यामुळे आई बाळाला अंगावरून खाली ठेवतच नव्हती. हीच मुलं मोठी होऊन झाडांवर आरामात चढायची. ताजिकिस्तानात बाळाला गाहव्होरा नावाच्या पाळण्यात कापडी पट्ट्यांनी बांधून तासन्‌तास ठेवतात, तिथे चालणं उशिरा सुरू होतं, पण चार-पाच वर्षांची होईपर्यंत हालचालींतला तो फरक भरून निघालेला दिसतो. आपण बाळाला पाठीवर झोपवतो त्यानेही उलटणं-रांगणं थोडं लांबतं, म्हणून जागं असताना कोणीतरी जवळ बसून पोटावर खेळवायचं, दिवसातून थोडा थोडा वेळ, बास. तुम्ही रांगण्यापेक्षा हे बघा की मान नीट धरतंय का, आधार दिला की बसतंय का, दोन्ही हात सारखे वापरतंय का, खेळणं या हातातून त्या हातात घेतंय का. एकच बाजू वापरत असेल किंवा अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटत असेल तर मात्र लगेच दाखवायचं, मग वय काहीही असो.

आता झोप. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात आणि सगळ्यात जास्त चुकीचा आत्मविश्वासही इथेच असतो, सगळ्या बाजूंना.

२०१० मध्ये एक मोठी पाहणी छापून आली, १७ देश आणि प्रदेश, तीन वर्षांपर्यंतची २९,२८७ मुलं. न्यूझीलंडमध्ये बाळं सरासरी संध्याकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी झोपत होती आणि हाँगकाँगमध्ये रात्री १० वाजून १७ मिनिटांनी. आईवडिलांच्याच अंथरुणात झोपणारी मुलं व्हिएतनाममध्ये ८३ टक्के, न्यूझीलंडमध्ये सहा टक्क्यांच्याही आत. एकूण झोप न्यूझीलंडमध्ये दिवसाला १३.३ तास, जपानमध्ये ११.६. दोन्हीकडची मुलं मोठी होतायत, शाळेत जातायत. ग्वाटेमालातल्या माया समाजाच्या आया आणि अमेरिकन आया यांची तुलना १९९२ मध्ये छापून आली होती, त्यात अमेरिकेत बाळाला वेगळ्या खोलीत झोपवतात हे ऐकून माया आयांना धक्का बसला, बाळाची कीव आली त्यांना. तुमच्या पहिल्या आजी म्हणतात ते हेच आहे आणि जगातल्या बऱ्याच भागांत आजही तेच नॉर्मल आहे, वेगळी खोली ही त्या मानाने अलीकडची आणि थोड्याच समाजांतली गोष्ट आहे.

पण म्हणून नर्स चुकीची ठरते का, तर नाही. नर्सच्या मनात झोपेत अचानक होणारे बाळमृत्यू आहेत, आणि त्याची कहाणी मला प्रत्येक आईबापाला सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पश्चिमेकडचे डॉक्टर बाळाला पोटावर झोपवायला सांगत होते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात हा सल्ला जोरात पसरला आणि पाळण्यातले मृत्यू वाढले. तिकडे हाँगकाँगमध्ये चिनी कुटुंबं बाळाला नेहमीसारखी पाठीवर झोपवत होती, आणि १९८५ मध्ये डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हाँगकाँगमध्ये असे मृत्यू फारच कमी दिसतायत आणि पाठीवर झोपवण्याचा त्याच्याशी संबंध असू शकतो. १९८७ मध्ये नेदरलँड्सने सल्ला उलटा केला आणि मृत्यू झपाट्याने उतरले. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला, १९९४ मध्ये देशभर मोहीम निघाली, आणि तिथलं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे हाँगकाँगच्या आज्या बरोबर होत्या आणि पश्चिमेचे तज्ज्ञ चुकले होते.

आता उलटी बाजू. जपानमध्ये तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळायची जुनी पद्धत होती आणि खुब्याचा सांधा निखळलेली मुलं तिथे खूप दिसायची. १९७५ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी मोहीम काढली की पाय असे ताणू नका, बाळाला ते वाकवू द्या, आणि खुब्याच्या त्रासाचं प्रमाण जे एक ते साडेतीन टक्क्यांच्या मध्ये होतं ते ०.२ टक्क्यांवर आलं. इथे आज्या चुकल्या होत्या, डॉक्टर बरोबर होते. म्हणून आजी विरुद्ध डॉक्टर असं तराजूत घालून काही निघत नाही, प्रत्येक गोष्ट सुटी काढून बघायला लागते, त्यात बाळाच्या शरीराला नक्की काय होतंय ते.

झोपेचं तसंच करूया. एकाच अंथरुणात झोपण्यातला धोका सगळीकडे सारखा नसतो. जमिनीवर कडक पातळ अंथरूण, आजूबाजूला मऊ उशा नाहीत, घरात कोणी सिगरेट ओढत नाही, दारू नाही, बाळ पूर्ण दिवसांचं आणि अंगावर पिणारं, ही एक परिस्थिती. खोल रुतणारी मऊ गादी, जाड रजई, चार उशा, झोपेची गोळी घेतलेले किंवा दारू प्यायलेले बाबा, ही दुसरी परिस्थिती. दोन्हीला लोक "बाळाला जवळ घेऊन झोपतो" असंच म्हणतात. तुम्ही तिसऱ्या देशात राहता, तुमच्या बेडरूममधली गादी आजीच्या घरातली नाहीये, तिथे आजीची पद्धत तशीच्या तशी उचलता येत नाही. आणि सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे सोफा किंवा आरामखुर्ची, रात्री तीन वाजता दूध पाजताना बाळाला छातीवर घेऊन तिथेच डोळा लागणं. बेडवर घ्यायचं नाही या भीतीने काही आया सोफ्यावर जाऊन बसतात आणि तिथे झोपतात, म्हणजे कमी धोका टाळायला जास्त धोका घेतात, हे मी वारंवार बघते आणि दर वेळी जीव हलतो.

तज्ज्ञ संस्थांमध्येही इथे एकमत नाहीये हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२२ च्या सल्ल्यात म्हणते की किमान सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत ठेवा पण वेगळ्या अंथरुणावर. ब्रिटनमधला सल्ला आईवडिलांशी मोकळेपणाने बोलून, एकत्र झोपायचंच असेल तर सुरक्षित कसं, हे सांगण्याकडे झुकतो. ज्या बाबतीत सगळे एक आहेत ते म्हणजे पाठीवर झोपवा, खालचं अंथरूण कडक आणि सपाट, तोंडाजवळ मऊ काही नको, धूर नको, सोफा नको. तुमच्या घरासाठी मी सांगेन की बाळाची कॉट तुमच्या पलंगाला लागून ठेवा, हात टाकला की बाळ लागलं पाहिजे. नर्सचंही राहतं, आजीचंही राहतं, आणि दोघींची मूळ काळजी त्यात येते. बाळ सात महिन्यांचं आहे, सगळ्यात नाजूक पहिले चार महिने तुम्ही पार केलेत, तरी वर्षभर हे पाळा.

तीच कृती दोन ठिकाणी किती वेगळी दिसते याचं एक उदाहरण. डेन्मार्क, फिनलंड या भागांत बाळाला नीट गुंडाळून बाबागाडीत उघड्यावर झोपवतात, थंडीतसुद्धा. १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईने रेस्टॉरंटच्या बाहेर बाबागाडी ठेवली, बाळ आत झोपलेलं, आईला काचेतून दिसतंय, आणि पोलिसांनी तिला अटक केली, बाळ काही दिवस तिच्यापासून काढून घेतलं. तिच्या देशात चांगली आई जे करते तेच तिने केलं होतं. तुम्ही परक्या देशात आहात म्हणून हेही सांगते की तिथला कायदा काय म्हणतो, मुलाला गाडीत किंवा घरात एकटं ठेवण्याबद्दल, मारण्याबद्दल, हे आधीच माहीत करून घ्या.

रडण्याचं. दुसऱ्या आजी म्हणतात लगेच उचलल्याने बाळ लाडावतं. कलहारीतल्या कुंग लोकांमध्ये बाळ दिवसातला बहुतेक वेळ कोणाच्या ना कोणाच्या अंगावर असायचं, आई दर पंधराएक मिनिटांनी दोन-तीन मिनिटं पाजायची, रडलं की काही सेकंदांत कोणीतरी बघायचं. मेल्विन कॉनर यांनी तिथे वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. रोनाल्ड बार यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यांनी जे मांडलं ते असं की कुंग बाळंसुद्धा पाश्चात्त्य बाळांइतक्याच वेळा रडायला लागतात, पहिल्या तीन महिन्यांत रडणं वाढतंही तसंच, पण रडण्याचा एकूण वेळ साधारण निम्मा. म्हणजे उचलल्याने बाळ जास्त रडायला शिकतं हे खरं दिसत नाही. आणि पहिल्या तीन महिन्यांतलं रडणं तुमच्यामुळे नसतं हेही त्यात आलंच, जगातल्या सगळ्यात जास्त उचललेल्या बाळांनासुद्धा ते चुकलेलं नाही. कॅनडात १९८६ मध्ये एका प्रयोगात काही आयांना बाळाला रोज जास्त वेळ अंगावर घ्यायला सांगितलं होतं, सहा आठवड्यांच्या वयाला त्यांचं रडणं ४३ टक्के कमी निघालं, पण नंतरच्या काही अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, त्यामुळे बाळ अंगावर बांधून फिरूनही रडत असेल तर तुम्ही काही चुकताय असं समजू नका.

दुसऱ्या बाजूचंही प्रामाणिकपणे सांगते. सहा महिन्यांनंतर बाळाला हळूहळू स्वतः झोपायला शिकवणं, म्हणजे खोलीत बसून किंवा थोड्या थोड्या वेळाने जाऊन धीर देत, याचा ऑस्ट्रेलियात नीट प्रयोग झाला, आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर २०१२ मध्ये बघितलं तर भावनिक नुकसान दिसलं नाही. फायदाही तेव्हा उरला नव्हता, पण त्या काळात आयांना झोप मिळाली होती. त्यामुळे एखादी आई थकून मोडायला आली असेल आणि ती हा मार्ग घेत असेल तर मी तिला अडवत नाही, आणि कोणी अपराधी वाटायला लावलं तर मला राग येतो.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले ते सांगते. सगळे आईलाच सांगतायत काय कर आणि काय करू नको, पण कुंग बाळाला काही सेकंदांत कोणीतरी बघायचं म्हटलं ना, त्यातलं "कोणीतरी" महत्त्वाचं आहे. काँगोच्या इटुरी जंगलातले एफे लोक बघा, एडवर्ड ट्रॉनिक आणि गिल्डा मोरेली यांचं तिथलं काम १९८७ मध्ये आलं, तिथे चार महिन्यांचं बाळ दिवसातला साधारण ६० टक्के वेळ आईशिवाय दुसऱ्यांच्या हातात असतं, सरासरी चौदाएक माणसं त्याला सांभाळतात, दुसऱ्या बायका अंगावर पाजतातसुद्धा. मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकातल्या आका लोकांत बॅरी ह्युलेट यांनी मोजलं की बाबा दिवसाच्या जवळजवळ निम्म्या वेळात, ४७ टक्के, बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात किंवा त्याला धरून असतात. बऱ्याच समाजांत बाळंतपणानंतर आईला ठरावीक दिवस कामच करू देत नाहीत, चीनमध्ये महिनाभर, लॅटिन अमेरिकेत चाळीस दिवस, कोरियात एकवीस दिवस, आणि ते दिवस दुसरी माणसं घर चालवतात. कॅमेरूनमधल्या न्सो बायकांना जर्मन आयांचे व्हिडिओ दाखवले, त्यात बाळ पाठीवर पडलेलं आणि आई वाकून बोलतेय, तर त्यांना प्रश्न पडला की जर्मनीत बाळाला उचलायला बंदी आहे की काय. हायडी केलर यांनी हे सांगितलंय. पण न्सो गावात मांड्या आणि कडेवर घेणारे हात कितीतरी असतात, आणि जर्मन फ्लॅटमध्ये ती आई दुपारभर एकटी असते, हे त्या व्हिडिओत दिसत नाही.

म्हणजे तुमच्याकडे दोन्ही आज्या फोनवर, बाबा दिवसभर कामाला, आणि तुम्हाला एकटीने चौदा जणांचं काम करून वर क्लिनिकचं वेळापत्रकही सांभाळायचंय. ते होणार नाही. कोणालाच झालेलं नाही, माणसाच्या इतिहासात बाळ एकट्या बाईने बंद दाराआड वाढवणं हीच सगळ्यात विचित्र पद्धत आहे, आणि आज तीच सगळीकडे नॉर्मल म्हणून पसरतेय. त्यामुळे तुम्ही कॉट की पलंग यावर जेवढा विचार करताय त्याच्या दुप्पट विचार यावर करा की आठवड्यात अजून कोण कोण बाळाला घेऊ शकेल. बाबांनी रात्रीची एक पाळी पूर्ण स्वतःची घ्यायची, मदत म्हणून नाही, त्यांचीच म्हणून. शेजारची दुसरी आई, तिचं बाळ तुमच्याकडे एक दुपार आणि तुमचं तिच्याकडे एक दुपार. चांगलं डेकेअर मिळत असेल तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त तिथली माणसं रोज बदलत नसावीत.

माणसं बदलण्याचं मी उगाच म्हणत नाही. इस्रायलमधल्या किबुत्झ नावाच्या सामूहिक वस्त्यांमध्ये मुलं रात्री आईवडिलांकडे न झोपता सगळी एकत्र मुलांच्या घरात झोपायची, राखणीला बाई असायची पण ती आलटून पालटून, बाळाच्या ओळखीची नसायची. १९९४ च्या एका अभ्यासात दिवसभर तसंच सांभाळलेली पण रात्री घरी झोपणारी ८० टक्के बाळं आईशी सुरक्षितपणे जोडलेली दिसली, आणि एकत्र झोपणाऱ्यांत ४८ टक्के. १९९० च्या दशकापर्यंत बहुतेक किबुत्झांनी ती पद्धत सोडून दिली. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० पासून जे काम झालं, अनाथालयातल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना सांभाळायला घेणाऱ्या चांगल्या कुटुंबांत ठेवून, त्यातही हेच दिसलं की ज्यांना आपलं म्हणणारी माणसं मिळाली, विशेषतः दोन वर्षांच्या आत, ती मुलं खूपच जास्त सावरली. खाणंपिणं, कपडे मिळूनही ठरलेलं माणूस नसेल तर बाळाचा मेंदू ते सहन करत नाही. ते माणूस आईच पाहिजे, एकच पाहिजे, असं मात्र नाही, आई आणि अजून दोन-चार ओळखीची माणसं हे बाळाला उत्तम चालतं.

"आमच्या देशात मुलं आईवडिलांच्या जास्त जवळ असतात, तिकडे नसतात" हे वाक्य मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतं. १९८८ मध्ये व्हॅन आयझेंडूर्न आणि क्रूननबर्ग यांनी बाळं आईशी कशी जोडलेली असतात याचे आठ देशांतले ३२ अभ्यास, जवळजवळ दोन हजार बाळं, एकत्र करून बघितले. एकाच देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांत जो फरक होता तो देशादेशांतल्या फरकाच्या दीडपट निघाला. तुमच्या दोन आज्यांमधलं अंतर देशांचं कमी आणि दोन माणसांचं जास्त असेल, बघा.

भाषेचं थोडक्यात. दोन-तीन भाषांमुळे मूल गोंधळत नाही आणि बोलायला आजार म्हणावा असा उशीर होत नाही. एकेका भाषेतले शब्द कमी असतात, पण सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर एक भाषा बोलणाऱ्या मुलांइतकेच भरतात. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हे चालायचंच. बाळाशी किती बोलायचं यातही जग एकसारखं नाही, मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया समाजातल्या बाळांशी थेट बोलणं तासाला जेमतेम साडेतीन मिनिटं मोजलं गेलं, तरी त्यांची बोलण्याची पहिली पावलं साधारण वेळेवरच पडली, ती दिवसभर मोठ्यांच्या गराड्यात असतात आणि ऐकत असतात. तुमच्या घरी मात्र तो गराडा नाही, म्हणून तुम्ही बोला, भरपूर बोला. खरी भीती वेगळी आहे, घरची भाषा टिकेल का ही. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये सुमारे १,९०० दोन-भाषिक कुटुंबं बघितली तेव्हा साधारण चारातल्या एका घरातली मुलं बाहेरचीच भाषा बोलत होती. बाहेरची भाषा शाळा शिकवेलच. तुम्ही आणि बाबा, दोघंही आपापल्या भाषेत बाळाशी बोला, दुसऱ्याला अर्धवट समजलं तरी चालेल, आणि आज्यांना व्हिडिओ कॉलवर गाणी म्हणू द्या, त्यांना ते सल्ल्यापेक्षा चांगलं जमतं.

ज्या थोड्या गोष्टींत मी कुठल्याच संस्कृतीचं ऐकत नाही त्या पटापट सांगते. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही. डोळ्यांत काजळ-सुरमा नाही, त्यात शिसं असू शकतं. गुंडाळायचं तर पाय मोकळे, आणि बाळ उलटायला लागलं की गुंडाळणं बंद. मारणं नाही, आत्ता नाही आणि पुढेही नाही, "आमच्याकडे सगळेच मारतात" हे कारण मी मानत नाही, चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतला २००५ चा अभ्यास आहे, जिथे मारणं सर्रास चालतं तिथे मुलांवरचा परिणाम कमी दिसला पण गेला कुठेच नाही.

आज्यांशी बोलायचं कसं, तर मी क्लिनिकमध्ये एक करते ते तुम्ही करून बघा. आजीला "काय करू" असं विचारू नका, "तुमचं बाळ सात महिन्यांचं होतं तेव्हा दिवस कसा जायचा, घरात कोण कोण होतं, बाळ कोणाकडे असायचं, खाली काय अंथरायचात" असं विचारा. दहा मिनिटांत सगळं बाहेर येतं. जिने रडू द्यायला सांगितलं तिला बहुतेक वेळा चार मुलं आणि शेतातलं किंवा कारखान्यातलं काम होतं, आणि जिने जवळ झोपवायला सांगितलं तिच्याकडे एकच खोली होती. त्यांची पद्धत त्यांच्या दिवसाला पुरी पडत होती. आणि मग त्यांना तुमचा दिवस सांगा, तासातासाने, त्या बऱ्याचदा स्वतःच म्हणतात की मग तुला असं कसं जमेल.

शेवटी डॉक्टरकडे कधी, ते लिहून ठेवा. नऊ महिने संपले आणि आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष झालं आणि चालत नाही, आवाजाकडे वळत नाही, वर्षाच्या आसपास बा-बा दा-दा असे आवाजच काढत नाही, बोट दाखवणं किंवा हात हलवणं असलं काहीच करत नाही, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट करायचं थांबलं. यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा, ऐकण्याची तपासणी आधी करून घ्या, आणि "दोन भाषा आहेत ना म्हणून" किंवा "आमच्याकडची मुलं उशिराच बोलतात" असं कोणी म्हणालं, मग ते डॉक्टर का असेनात, तरी थांबू नका.